ताटाआधी पंगत बघ

सोलापूर

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. शेंगा चटणी, कडक भाकरी, हुग्गी, येळवस या शेतातल्या सणाची भज्जी आणि आंबील, हुरडा, कंदुरीचं (पिराच्या नवसाच्या जेवणाचं) मटण, रमजानातला विजापूर वेशीतला बाजार. यादीत नाव ठेवायला जागा नाही, पण तिच्यातून पाककृतींचं पुस्तक होईल. जेवणाच्या रीतींतून कोणाची सत्ता कशी चालते हे तुला लिहायचं आहे, तर पदार्थ काही दिवस बाजूला ठेव. कोण रांधतं, कोण वाढतं, कोण कुठे बसतं, कोणाची पाळी कितवी, उष्टं कोण काढतं आणि पाणी कोण कशातून पितं, आधी एवढंच टीप.

सुरुवात पंगतीपासून कर. दीडशे-दोनशे पानांचं जेवण निवड. त्याहून मोठं एकट्याच्या नजरेत मावत नाही, आणि पंचवीस पानांच्या जेवणात सगळे नातेवाईकच असतात. पानं मांडल्यावर जाऊन उपयोग नाही. चूल पेटते तेव्हा तिथे हजर राहायचं. कोऱ्या कागदावर नकाशा काढ: चूल, पाण्याचं पिंप, मांडवाचं तोंड, हात धुण्याची जागा, उष्टी पानं टाकायची जागा. मग प्रत्येक पंगतीला क्रमांक दे, आणि ती कधी बसली, कधी उठली, कोण बसलं ते लिही. नावं नकोत. ‘पाहुणे पुरुष’, ‘भावकी’, ‘घरच्या बायका’, ‘वाजंत्री’, ‘भांड्यांवरच्या बाया’ असे गट पुरतात.

पहिल्याच वेळी सगळं टिपायला गेलास तर काहीच हाती लागणार नाही, म्हणून तीनच गोष्टी धर. तूप किंवा गोड किती वेळा फिरलं, आमटी किती दाट होती, बसायला खुर्ची होती की पट्टी की जमीन. आमटी खाली जाऊ लागली की आचारी तिच्यात गरम पाणी, मीठ आणि तिखट घालून ती वाढवतो. तूप आणि बुंदी अशी वाढवता येत नाही. शंभर पानांना दहा-बारा किलो तांदूळ धरतात. दोनशेचा अंदाज धरला आणि अडीचशे माणसं आली, तर तूट अडीचशे जणांत सारखी वाटली जात नाही. ती शेवटच्या पंगतीवर पडते, आणि त्या पंगतीत बहुतेक वेळा सकाळपासून राबलेलेच असतात: वाढपी, पोळ्या लाटणाऱ्या, वाजवणारे, भांडी घासणाऱ्या.

इथे एक बारकावा आहे. एकाच पंगतीत एकाच्या पानात जास्त आणि शेजारच्याच्या पानात कमी वाढणं, म्हणजे पंक्तिप्रपंच, आपल्याकडे मोठा दोष मानतात, आणि हा नियम माणसं मनापासून पाळतात. त्यामुळे भेद पंगतीच्या आत फारसा दिसत नाही. तो एका पंगतीतून दुसऱ्या पंगतीत सरकलेला असतो. पहिली पंगत बघून निघून आलेला माणूस ‘सगळ्यांना सारखंच वाढलं’ असं लिहितो आणि त्याला ते खरंच वाटतं. बुफेतही हेच बघ. रांग सगळ्यांना एकच असते, पण मागे पडदा लावलेल्या खोलीत टेबलावर वेगळी ताटं मांडलेली आहेत का, तिथे कोण जातं, आणि तिथलं वाढून कोण नेतं?

यापेक्षा खोल जायचं तर अन्नाची दिशा बघायला शीक. प्रत्येक घरात चार गोष्टी वेगवेगळ्या विचार: कोरडा शिधा, कोरडं किंवा तळलेलं अन्न, पाण्यात शिजवलेलं अन्न, आणि पाणी. प्रत्येकासमोर दोन रकाने आख, एक ‘कोणाला देता’ आणि दुसरा ‘कोणाकडून घेता’. जुन्या रिवाजात शिधा वर जायचा. पीठ, तांदूळ, डाळ, गूळ, तूप ब्राह्मणाच्या किंवा जंगमाच्या (लिंगायत पुरोहिताच्या) घरी पोचायचं, कारण कच्च्या धान्याला विटाळ नव्हता. शिजवलेलं खाली उतरायचं, आणि खूपदा शिळं होऊन उतरायचं. लाह्या, फुटाणे, लाडू यांना सवलत होती. भात-वरण खरकट्यात धरलं जाई म्हणून ते जातीच्या बाहेर सहसा जात नसे. पाण्यावर सगळ्यांत कडक पहारा होता. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणं ही इतकी मोठी घटना का ठरली, ते हा तक्ता भरताना कळेल.

येसकराची, म्हणजे गावची वेस राखणाऱ्या महाराची भाकरीही याच तक्त्यात बसव. सुगीत बलुत्याची पेंढी आणि रोज घरोघर मागितलेली भाकरी हा गावकीच्या कामाचा मोबदला होता, पण तो दारात उभं राहून, हाक मारून घ्यावा लागे. काम आधीच झालेलं असलं तरी घेणारा याचक दिसायचा. डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळंपाकं घेणं सोडायला सांगितलं, त्यामागे हा हिशेब होता. कनिष्ठ गाव वतनं रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. जुन्या माणसांना विचारताना ‘भाकरी मागायचात का’ असं कधीही विचारू नकोस. ‘गावकीच्या कामाचं काय मिळायचं, आणि ते बंद कसं केलं’ असं विचार. बंद करण्याची हकिकत लोक अभिमानाने सांगतात, आणि त्या ओघात आधीचंही सगळं येतं.

‘तुमच्याकडे शिवाशिव पाळतात का’ या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे ‘छे, आता कुठं’ असंच मिळेल. म्हणून भांड्यांवर बोल. शेतावर मजुरांना पाणी कोण देतं, तांब्या हातात देतात की वरून ओततात, चहाचे कप कोण विसळतं? वळचणीला किंवा खिडकीच्या फळीवर उलटी घातलेली एखादी कपबशी दिसली तर ती कोणाची ते लगेच विचारू नकोस. दोन-तीनदा जा आणि ती कोणाच्या हातात येते ते बघ. हॉटेलांतली ती वेगळी कपबशी कागदी कप आल्यापासून दिसेनाशी झाली. अनेक ठिकाणी भेद खरंच गेला, पण काही ठिकाणी तो नुसता झाकला गेला. एकाच टपरीवर काहींना काचेचा ग्लास आणि काहींना न विचारता कागदी कप मिळत असेल, तर अर्धा तास बसून कोणाला काय मिळतं ते मोज. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आहे, आणि हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा त्यात गुन्हा आहे. हे तुला माहीत असावं. टपरीवाल्याला ते सुनवायला जाऊ नकोस.

येळवस मात्र चुकवू नकोस. मार्गशीर्ष अमावास्येला अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शीकडे शेतात कडब्याची कोप उभी करतात, आत पाच पांडव मांडतात, नैवेद्य दाखवतात आणि वाटसरूलाही बोलावून जेवू घालतात. अगत्य खरं असतं. त्या अगत्याची तयारी कुठून होते ते बघायला आदल्या दिवशी घरात जा. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात सोडतात. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात पडलं तर गुठळ्या होतात. शिजलेलं पूर्ण निवल्यावरच ताक घालायचं, नाहीतर ते फुटतं. मग लसूण-जिरं, मीठ, आणि रात्रभर मडक्यात. भज्जीसाठी तूर, हरभरा, वाटाणा, वाल सोलायचे, पालेभाज्या निवडायच्या आणि शेवटी बेसन लावून घोटायचं. सोबत बाजरीचे उंडे, भाकरी, खीर. घरातल्या बायका मध्यरात्रीनंतर चुलीपुढे बसतात आणि उजाडल्यावर हेच सगळं डोक्यावर घेऊन शेतात चालत जातात. शेताच्या बांधावर ‘या, जेवायला या’ अशी हाक मालक देतो. सालगड्याची बायको रात्रभर कोणाच्या चुलीवर होती, तिचं स्वतःचं कुटुंब कोपीच्या आत बसलं की बाहेर, आणि ते कोणानंतर बसलं, हे टिपायचं.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ज्याला शेत नाही त्याची येळवस कुठे होते? ती दुसऱ्याच्या बांधावर होते. यजमान व्हायला आधी जमीन लागते, आणि पाहुणाच राहावं लागणारा माणूस परतफेड करू शकत नाही. हुरड्यातही हेच आहे. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजायची आणि चटके सोसत तळहातावर चोळायची, हे काम कोणाचं आणि समोर बसून शेंगा चटणी, दही, गुळासोबत खाणं कोणाचं ते पाहा. गावातला शेतकरी कोणत्या साहेबाला हुरड्याला बोलावतो यावरून त्याची कोणती फाइल कुठे अडकली आहे याचा अंदाज येतो.

घरातलं जेवण टिपणं सगळ्यांत अवघड, कारण तू गेलास की घर बदलतं. पाहुणा म्हणून तुला पहिल्यांदा बसवतील, पुरुषांबरोबर वाढतील, आणि तुझ्यामुळेच त्या दिवशी बायका उशिरा जेवतील. म्हणून डोळ्यांनी बघितलेल्या जेवणावर भिस्त ठेवू नकोस. ‘काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत’ हे प्रत्येकाला वेगवेगळं विचार, आणि शक्यतो एकमेकांसमोर नको. सणाचा, उपासाचा, बाजाराच्या दिवसानंतरचा दिवस टाळ. ‘सगळ्यात शेवटी कोण जेवतं’ असं विचारलंस तर ‘आम्ही सगळे एकत्रच’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी तव्यावरची गरम भाकरी कोणाच्या ताटात गेली, टोपल्यातली कोणी घेतली, कालवण संपल्यावर भाकरी कशाशी खाल्ली, असं विचार. शेंगा चटणी आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे. पण खूप बायकांसाठी ती रोजचं कालवण आहे, कारण भाजी त्यांच्यापर्यंत उरत नाही. घरात किती दूध आलं, किती भाजी आली याची सरासरी काढून माणशी भागलंस तर हे सगळं पुसलं जाईल.

शहराच्या पूर्व भागात वेळेचाही हिशेब धर. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. त्यामुळे दुपारच्या जेवणाला बसलेली बाई स्वतःच्याच मजुरीतून वेळ काढते. तिथे ताटात काय आहे त्याइतकंच जेवण किती मिनिटांत उरकलं आणि मांडीवरचं सूप खाली ठेवलं की नाही हे लिहिण्याजोगं आहे. ‘जुनी गिरणी’ ही इथली कापडगिरणी १८७७ ची. तेव्हापासून निम्म्या सोलापूरचं जेवण भोंग्यावर चाललं, आणि एकट्या कामगारांसाठी बायकांनी खानावळी चालवल्या. त्या खानावळींच्या उधारीच्या वह्या मिळाल्या तर सोडू नकोस. संपात आणि टाळेबंदीत कोणाचं ताट किती दिवस चालू ठेवलं, ते त्यात सापडेल. पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, दक्षिणेकडच्या गावांत कन्नड, विजापूर वेशीच्या बाजूला दखनी-उर्दू. मराठीत विचारलंस तर घरातला पुरुष उत्तर देईल. त्या भाषेची एखादी मुलगी सोबत ने.

उपासाचे नियम लिहिताना जुनं-नवं तपासून घे. उपासाला ज्वारी चालत नाही, जी इथल्याच काळ्या मातीत पिकते. चालतात ते शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची आणि कसावाच्या कंदाचा साबुदाणा. ही सगळी पिकं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या येण्यानंतर आपल्याकडे पोचलेली. साबुदाण्याचा कारखानदारी धंदा तर तमिळनाडूत सेलमला १९४० नंतर वाढला. तरी ‘आमच्या आज्जीपासून असंच’ हे उत्तर येईल आणि तेही खोटं नाही. नियम जुना असो की नवा, तो मोडल्याचा जाब कोण कोणाला विचारतं, आणि घरात किती उपास पुरुषांचे आणि किती बायकांचे, याची मोजदाद तुझ्या कामाची आहे. ‘फक्त व्हेज’ ही भाड्याच्या खोलीची अटही इथेच नोंदव. खोली मागायला आलेल्याला आडनाव आधी विचारतात की जेवण, तेवढं दहा ठिकाणी विचारून बघ.

कंदुरीत प्रत्येक भागाचा वाटा विचार. बोकड मुलाणी कापतो. मग मुंडी, पाय, काळीज, कातडं कोणाकडे जातं हे गावोगाव वेगळं आहे, आणि हा मान काही ठिकाणी हक्क म्हणून तर काही ठिकाणी ओझं म्हणून सांगतात. ‘मान’ या शब्दावर समाधान मानू नकोस. तो मान नाकारता येतो का हेही विचार. सिद्धेश्वराच्या यात्रेत होमाच्या रात्री दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू धान्य, गूळ, फळांपुढे आणतात आणि ते कशाला तोंड लावतं यावरून पाऊस आणि महागाईची भाकणूक करतात. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या), त्यांचे मानकरी, त्यांचा क्रम, सगळं ठरलेलं. हे बघताना बाजारातले व्यापारी आणि शेतकरी ती भाकणूक कशी ऐकतात, एवढ्यावर कान ठेव.

सरकारलाही या अभ्यासातून वगळू नकोस. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी असा हिशेब मांडला, की दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे एवढी मजुरी पुरे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरीविरुद्ध आवाज उठवला. १९७२ च्या दुष्काळातली परदेशी लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) अजून सोलापूर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. मिलोची भाकरी थापताना कशी तुटायची हे बायकांना विचार, हात आपोआप तसे हलतील. आज अन्न सुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. अंत्योदय कार्डाला घरामागे ३५ किलो. प्राथमिक शाळेच्या पोषण आहारात मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्याच माणसाच्या रेशनच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळ येतो. कोणतं धान्य खायचं हे ठरवण्याचा अधिकार किती लांब गेला आहे ते यावरून कळतं.

मंगळवेढ्याला गेलास की दामाजीपंतांची कथा ऐकशीलच. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं आणि विठोबाने विठू महार होऊन त्याची रक्कम बिदरला भरली. कथा भक्तीची आहे, पण तिच्यात कोठाराची किल्ली कोणाकडे आणि भरपाई कोणाच्या रूपाने, हेही आहे. तिथेच धान्य साठवायच्या जमिनीतल्या पेवांची माहिती काढ. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. आत हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून मरतो. तोंड उघडं ठेवून आधी पेटता कंदील दोराने सोडायचा आणि तो विझला तर थांबायचं. धान्य मालकाचं, तर पहिला आत उतरणारा कोण, हे प्रत्येक ठिकाणी विचार.

फक्त भेदच गोळा केलेस तर चित्र खोटं होईल. बाराव्या शतकात बसवण्णांच्या चळवळीने कायकाबरोबर (श्रमाबरोबर) दासोह (मिळवलेलं सगळ्यांत वाटणं) सांगितला, आणि सोन्नलगीचे, म्हणजे सोलापूरचे सिद्धराम त्याच काळातले. अक्कलकोटच्या अन्नछत्रात हजारो माणसं जात न सांगता शेजारी बसून जेवतात. पंढरपूरला आषाढी पौर्णिमेच्या काल्यात वारकरी एकमेकांच्या तोंडात घास घालतात. मात्र त्याच पंढरपुरात चोखोबांची समाधी देवळाबाहेर महाद्वारापाशी आहे, आणि दलितांना विठोबाच्या देवळात जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावं लागलं. काला आणि बंद दार शतकानुशतकं शेजारी नांदले. दोन्ही लिही, आणि एकाने दुसऱ्याला झाकू देऊ नकोस.

आता तुझ्या स्वतःच्या खाण्याबद्दल. ज्या घरी जाशील तिथलं पाणी आणि चहा घ्यायचाच, आणि तो त्यांच्या रोजच्या भांड्यात. तुझ्यासाठी कोणी बाहेरून बाटली मागवू लागलं तर आधीच थांबव. तू मांस खात नसशील तर वेळ ठरवतानाच सांग, ताट समोर आल्यावर नको. ‘पोट बिघडलंय’ हे कारण दलित आणि मुसलमान घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे. ते कोणालाही फसवत नाही. एकदा ते कारण सांगितलंस की त्या घरातून तुला खरं काही कळणार नाही.

आणि ज्यांनी सांगितलं त्यांना जप. तू परत शहरात येशील, ते गावातच राहतील. बहिष्काराची पहिली चाहूल गावात जेवणावरूनच लागते: दुकानदार उधारी बंद करतो, गिरणीत दळण घेत नाहीत, दूध घालणारा वाट बदलतो. राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, पण तक्रार नोंदवून दळण दुसऱ्या दिवशी मिळत नसतं. म्हणून नावांची वही वेगळी आणि नोंदींची वेगळी ठेव. नोंदींत फक्त क्रमांक लिही. दोन्ही वह्या एका पिशवीत नेऊ नकोस. कपबशीचा, पंगतीचा फोटो काढायचा तर त्यात गावाचा फलक, गाडीचा नंबर, चेहरा येऊ देऊ नकोस, आणि छापण्याआधी ज्याने सांगितलं त्याला वाचून दाखव. त्याने ‘हे काढा’ म्हटलं तर वाद न घालता काढ.

पुढच्या महिन्यात येळवस आहे. त्याआधी एक पंगत आणि दोन घरं करून बघ आणि नकाशे मला पाठव. मजकूर नंतर पाठवलास तरी चालेल. नकाशावर उष्टी पानं टाकायची जागा आणि शेवटच्या पंगतीची वेळ विसरू नकोस. बहुतेक जण तेवढंच विसरतात, कारण तोवर त्यांचं स्वतःचं जेवण झालेलं असतं.

कळावे, लोभ असावा.